एस्प्लनेड मॅन्शन: सवलत कुणाला आणि कशाची?

मुंबईत काळा घोड्याहून हुतात्मा चौकाकडे जाताना महात्मा गांधी रस्त्यावर एक पाच मजली इमारत टेकूंच्या आणि जाळ्यांच्या आधाराने उभी आहे. तिचं आजचं नाव एस्प्लनेड मॅन्शन, जुनं नाव वॉटसन्स हॉटेल. ती बांधणारा जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छताशी आणि अल्बर्ट पुलाशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने इथे आणल्या आणि १८६०च्या दशकात, किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर जोडल्या. बिडाचा सांगाडा असलेली भारतातली सर्वांत जुनी उभी इमारत म्हणून तिची ओळख दिली जाते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला, आणि त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. जमशेदजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मुंबईत कुणीही सांगेल. तिला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे ती बाजूला ठेवू.

हा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण आपला विषय पैशाचा आहे. शहराच्या वारसा यादीत ही इमारत श्रेणी दोन-अ मध्ये आहे. जागतिक स्मारक निधीच्या २००६ सालच्या, जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही ती होती. म्हणजे तिची किंमत कुणाला ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही. तरीही २००५ मध्ये तिच्या पश्चिमेकडच्या सज्जाचा भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. २०१८च्या पावसाळ्यात पुन्हा काही भाग रस्त्यावर आला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर म्हाडाने ती रिकामी करून घेतली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडून टाकण्याची शिफारस केली आणि वारसा जतन करणारे लोक त्याविरुद्ध उभे राहिले.

इमारत वाचवता येते की नाही, हा वाद अभियंत्यांचा आहे; मी त्यात पडत नाही. मला त्याआधीच्या पन्नास वर्षांबद्दल विचारायचं आहे. या काळात जुन्या इमारती राखण्यासाठी सरकारने आणि महापालिकेने पैशाच्या निदान चार-पाच वाटा काढल्या होत्या. त्यातली एकही या दारापर्यंत का पोचली नाही?

भाडं

हॉटेल बंद पडल्यावर मोठमोठ्या खोल्यांमध्ये लाकडी आडभिंती घालून लहान गाळे पाडले गेले. काहींत कुटुंबं राहू लागली, पण बहुतेकांत कार्यालयं आली. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे वकिलांची संख्या मोठी होती. खाली झेरॉक्स, टायपिंग, खाण्याची दुकानं. फोर्टमधल्या कितीतरी इमारतींचं आतलं चित्र हेच आहे: बाहेर कोरीव सज्जे, आत प्लायवूडचे कप्पे आणि जिन्याखाली मीटरांची रांग.

भाडं ठरलं होतं १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाण भाडं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देण्यासाठी आणलेला हा तात्पुरता कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धं शतक चालला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

चार टक्के ऐकायला वाईट नाहीत. पण चार टक्के कशावर? २००० साली एखाद्या खोलीचं भाडं १०० रुपये असेल, तर पंचवीस वर्षं चक्रवाढीने वाढवत नेलं तरी ते २६७ रुपयांच्या आसपास पोचतं. मजल्यावर अशा वीस खोल्या धरा. पाच मजल्यांचं महिन्याचं भाडं सत्तावीस हजारांच्या घरात येतं. एवढ्या पैशात रखवालदार ठेवून पंपाचं बिल भरलं, की बिडाच्या खांबाचा गंज काढायला काही उरत नाही.

मालकाला दोष देणं सोपं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो रास्तही असतो. इमारत आपोआप पडेल तेवढं बरं, असा हिशेब करणारे मालक मुंबईला नवे नाहीत. पण भाडेकरूचा हिशेबही तितकाच सरळ आहे. त्याने पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठीची एकरकमी रक्कम, मोजून जागा घेतलेली. ती पागडी १९९९च्या कायद्याने अधिकृतही झाली. जागेचा व्यवहार बाजारभावाने, भाडं मात्र जुन्या दराने. त्यामुळे इमारतीची खरी किंमत भाडेकरूच्या हातात आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकाच्या डोक्यावर, अशी विभागणी झाली. दुरुस्तीवर खर्च करणाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही आणि फायदा मिळणाऱ्याला खर्च करण्याचा अधिकार नाही. या गाठीवर कुठलीही सवलत ओतली तरी ती घसरून जाते. माझ्या मते एस्प्लनेड मॅन्शनचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उपकर, म्हणजे दुरुस्ती मंडळाचा पैसा

मुंबईत इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने १९६९च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ काढलं. बेट शहरातल्या, म्हणजे उपनगरं वगळून मूळ मुंबईतल्या, जुन्या खासगी भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला. तो मालमत्ता करासोबत महापालिका गोळा करते. त्यात सरकार, महापालिका आणि म्हाडाची भर पडते आणि त्या पैशातून मंडळ दुरुस्ती करतं. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेल्या त्या अ वर्गातल्या, आणि वॉटसनची इमारत अर्थातच त्यांच्यातली.

कल्पना चांगली होती. मालक काहीच करत नसेल तर सार्वजनिक पैशाने निदान लोकांच्या डोक्यावर छत तरी टिकावं, हा तिचा हेतू. पण ही योजना जीव वाचवण्यासाठी आखलेली होती, वास्तू वाचवण्यासाठी नाही. दर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची मर्यादा ठरलेली असते. ती वेळोवेळी वाढत गेली, पण तिच्या वरचा खर्च भाडेकरूंनी भरायचा ही अट राहिली. त्या मर्यादेत काय बसतं? लाकडी तुळई काढून लोखंडी तुळई टाकणं, सिमेंटचं प्लॅस्टर, शौचालयांची गळती थांबवणं, टेकू लावणं. ओतीव बिडाचा तडा गेलेला खांब कसा सांधायचा, हे मंडळाच्या दरसूचीत शोधून सापडणार नाही. बीड दाब उत्तम झेलतं, ताण झेलत नाही. त्यावर साधी वेल्डिंग केली तर उष्णतेने आणखी तडा जाऊ शकतो. अशा कामाला जाणकार माणूस लागतो, चाचण्या लागतात, आणि सर्वांत कमी दराच्या निविदेतून तो माणूस येत नाही.

उलट, चुकीची दुरुस्ती अशा इमारतीला नुकसानच करते. चुन्याच्या जोडकामावर सिमेंट चढवलं की आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते आणि तो लोखंडाकडे वळतो. फोर्टमधल्या अनेक दर्शनी भिंतींवर हे बघायला मिळतं: दुरुस्ती झालेला भागच आधी फुगलेला असतो.

टीडीआर: ज्याचं नाव सगळे घेतात

१९९५ मध्ये मुंबईने वारसा नियमावली आणली. भारतातल्या शहरांत अशी ही पहिली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, श्रेण्या ठरल्या, वारसा समिती आली. बंधनं घातली तर मोबदला हवा, म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआरची तरतूद केली. एखाद्या वारसा इमारतीच्या मालकाला वाढीव बांधकाम करायला नकार दिला आणि त्यामुळे त्याचा न वापरलेला एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं, ते प्रमाण) बुडाला, तर तेवढा हक्क त्याला प्रमाणपत्राच्या रूपात मिळेल. ते प्रमाणपत्र तो बिल्डरला विकू शकतो आणि बिल्डर तो एफएसआय दुसरीकडे वापरतो. सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही. कागदावर याहून सुंदर योजना सापडणं कठीण.

आता नियमाची भाषा नीट वाचा. १९९५च्या नियमात मोबदला होता न वापरलेल्या एफएसआयचा. दुरुस्तीच्या खर्चाचा नाही.

बेट शहरात मूळ एफएसआय १.३३. समजा हजार चौरस मीटरचा भूखंड आहे. त्यावर १,३३० चौरस मीटर बांधता येतं. मलबार हिलवर अशा भूखंडावर झाडाझुडपांत एक दुमजली बंगला आहे, दोन्ही मजले मिळून ६०० चौरस मीटरचा. त्याच्या मालकाचे ७३० चौरस मीटर शिल्लक, म्हणजे तेवढा टीडीआर. मलबार हिलच्या भावाने ही रक्कम डोळे दिपवणारी होते.

त्याच मापाच्या भूखंडावर फोर्टमधली एक इमारत घ्या. रस्त्याच्या कडेपासून मागच्या गल्लीपर्यंत जागा व्यापलेली, तळमजला आणि वर चार मजले. भूखंडाचा ८० टक्के भाग व्यापला असेल तर बांधकाम ४,००० चौरस मीटर होतं. परवानगी १,३३०ची. शिल्लक शून्यापेक्षाही खाली. या मालकाला टीडीआर मिळणार किती? काहीच नाही, कारण नियमाच्या नजरेत त्याचं काहीच बुडालेलं नाही.

आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण वॉटसनची इमारत कुठल्या बाजूला पडते हे सांगायला मोजपट्टी लागत नाही. एकोणिसाव्या शतकातलं फोर्ट दाट बांधलेलं आहे. तीच त्याची शोभा. ओळीने उभ्या इमारती, खाली कमानींची आच्छादित पदपथं, मध्ये मोकळी जागा नाही. शहराच्या या ऐतिहासिक गाभ्यासाठी केलेली सवलत त्या गाभ्याला लागूच पडत नाही, आणि बागेतल्या बंगल्याला मात्र चपखल बसते. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. १९९५ साली भीती पाडापाडीची आणि वर मजले चढवण्याची होती. इमारत नुसती उभ्या उभ्या कुजेल याची कुणाला फारशी काळजी नव्हती.

याच्या शेजारी विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७) ठेवा. १९९९ पासून जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला २.५ एफएसआय, किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढा अधिक ५० टक्के प्रोत्साहनपर, यात जो जास्त तो, असं ठरलं. पुढे २.५चे ३ झाले. म्हणजे इमारत पाडली तर मालकाला, बिल्डरला, भाडेकरूला, तिघांनाही काहीतरी मिळतं. भाडेकरूला तर विनामूल्य मालकीचं नवं घर. राखली तर तिघांनाही शून्य.

श्रेणी दोन-अ ची इमारत सहजासहजी पाडता येत नाही, हे खरं. पण आशा कायद्याने बंद होत नाही. गिरगावातल्या, लालबागच्या ओळखीच्या भाडेकरूला टॉवरमध्ये घर मिळालेलं दिसत असताना फोर्टमधल्या भाडेकरूने जुन्या जिन्याच्या दुरुस्तीसाठी वर्गणी का काढावी? आणि इमारत ‘धोकादायक’ ठरली की पाडण्याचं दार किलकिलं होतं, हे मालकाला माहीत असताना त्याने ती सुरक्षित का करावी? प्रोत्साहन म्हणजे नुसता पैसा नसतो, तो कुठल्या दिशेने वाहतो हेही असतं. इथे तो उताराने पाडण्याकडे वाहतो आहे.

आयकर

इथे फार थांबायची गरज नाही, पण एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. घरभाड्याच्या उत्पन्नातून आयकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्ती केली तरी ३०, नाही केली तरी ३०. वर्षाला एक लाख भाडं येत असेल तर तीस हजार वजा; त्याच वर्षी पन्नास लाखांचं छप्पर घातलं तरी तीस हजारच. कर्ज काढलं तर व्याजाची वजावट वेगळी मिळते. पण भाडेकरूंनी भरलेल्या, खोलीमागे दोन-अडीचशे रुपये भाड्याच्या इमारतीवर कुठली बँक कर्ज देणार?

देणगीदारासाठी ८०-जी कलमात ऐतिहासिक महत्त्वाची म्हणून अधिसूचित झालेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च किंवा अशा अन्य स्थळांच्या दुरुस्तीला सूट आहे. वकिलांच्या चेंबरांची इमारत त्यात कशी बसणार?

शेजारी मात्र सुधारले

एस्प्लनेड मॅन्शनपासून हाकेच्या अंतरावर उलट उदाहरणं आहेत, म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्यासारखं होतं. १८८४चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा खुलं झालं. १८७०चं डेव्हिड ससून वाचनालय अलीकडेच दुरुस्त झालं. वर चढवलेलं विसाव्या शतकातलं सपाट छत काढून त्याला पुन्हा उतरतं छप्पर मिळालं. पैसा उद्योगसमूहांच्या प्रतिष्ठानांकडून, जागतिक स्मारक निधीकडून आणि काळा घोडा असोसिएशनकडून आला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या असोसिएशनचा कला महोत्सव लोकांना माहीत असतो. त्यातून परिसराच्या जतनासाठी निधी उभा राहतो, हे कमी जणांना.

या इमारतींना कुठली खास सरकारी सवलत मिळाली? २०१३च्या कंपनी कायद्यातली सीएसआरची. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे, आणि त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे. पण कंपनीचं मंडळ पैसा देताना बघतं की समोर कोण आहे. वाचनालयाला विश्वस्त आहेत, खातं आहे, एका सहीवर काम सुरू होतं, आणि उद्घाटनाला फोटो चांगला येतो. फोटोचं मी थट्टेने म्हणत नाही. देणगीचा तोही एक भाग आहे. खासगी मालकाच्या, भाड्याने दिलेल्या इमारतीवर हाच पैसा खर्चायचा तर मंडळातला पहिला प्रश्न येईल, याचा फायदा घरमालकाला का द्यायचा? प्रश्न रास्त आहे.

गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस खासगी मालकीचं, गोंडलच्या राजघराण्याचं. १९९३ मध्ये बंद पडलं आणि दुरुस्त होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडलं. तिथे मालक एक होता आणि वास्तू मोकळी होती. पैसा उभा करणं सोपं नसेल, पण निर्णय घेणारं कुणीतरी होतं.

तिसरी गोष्ट फोर्टमध्ये गाजावाजा न होता घडली. १९९९च्या भाडे कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. ज्या इमारतींत असे भाडेकरू होते तिथे मालकाला बाजारभावाने भाडं मागता आलं, नाहीतर जागा परत मिळवता आली. वारसा हा शब्दही त्या कलमात नाही. पण फोर्टमध्ये दर्शनी दगड धुऊन, खिडक्या नव्या बसवून जी दुकानं नि कार्यालयं उघडली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पैसा दुरुस्तीकडे वळण्यामागे मला हे कलम टीडीआरपेक्षा मोठं वाटतं. एस्प्लनेड मॅन्शनमध्ये लहान वकील, लहान दुकानदार आणि कुटुंबं. त्यांना वगळलेलं नव्हतं, आणि वगळायलाही नको होतं. त्यामुळे ही वाटही तिथे बंद.

अमेरिकेतली पद्धत, जेवढी कामाची तेवढी

अमेरिकेत जुन्या शहरमध्यातल्या इमारतींसाठी संघीय कर सवलत आहे. १९७६ मध्ये सुरुवात झाली, १९८६च्या कायद्याने ती २० टक्क्यांवर स्थिरावली. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या जीर्णोद्धारावर जो पात्र खर्च होईल त्याच्या २० टक्के रक्कम थेट करातून वजा. उत्पन्नातून नाही, करातून. २०१८ पासून ती पाच वर्षांत विभागून मिळते. रंगरंगोटी करून सवलत मिळत नाही: खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा जास्त असावा लागतो. काम ठरलेल्या निकषांनुसार झालं आहे का, हे नॅशनल पार्क सर्व्हिस तपासते. पाच वर्षांच्या आत इमारत विकली किंवा बिघडवली तर सवलतीचा हिस्सा परत करावा लागतो, दर वर्षाला तो वीस टक्क्यांनी कमी होत जातो.

तिथलं करशास्त्र इथे जसंच्या तसं आणता येणार नाही. ज्या मालकाला भाड्यातून करपात्र उत्पन्नच नाही, त्याला करातली सवलत काय कामाची? पण त्यातल्या दोन गोष्टी मला वॉटसनच्या इमारतीपुढे उभं राहून आठवतात. सवलत खर्चाला बांधलेली आहे, मोकळ्या जागेला नाही. आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असेल तर भाडेकरूही ती घेऊ शकतो. व्यावसायिक इमारतीसाठी किमान ३९ वर्षं शिल्लक असावी लागतात. आपला पागडीवाला तर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. दीर्घ मुदत म्हणायची तर याहून दीर्घ कुठली? तरीही आपल्या प्रत्येक योजनेत तो पुनर्वसन करायचा माणूस असतो, गुंतवणूक करू शकणारा नव्हे. न्यायालयाजवळची जागा टिकावी म्हणून फोर्टमधले वकील, व्यापारी पैसे काढायला तयार होणारच नाहीत असं मला वाटत नाही. पण त्या पैशाच्या बदल्यात त्यांच्या हाती कागद कुठला द्यायचा, हे कुणी ठरवलेलं नाही.

मग काय करता आलं असतं

वारसा टीडीआरचा हिशेब दुरुस्त केलेल्या बांधकाम क्षेत्रावर करायचा. चार हजार चौरस मीटरची इमारत प्रमाणित पद्धतीने राखली, तर त्या चार हजारांच्या ठरावीक टक्क्याइतका हक्क द्यायचा, मग भूखंडावर एफएसआय शिल्लक असो वा नसो. बंगल्यांना मिळणारा मोबदला त्यासाठी थोडा कमी झाला तरी माझी हरकत नाही.

हक्काचे दोन वाटे असावेत, मालकाचा आणि भाडेकरूंच्या संस्थेचा. वाटणी कायद्यानेच ठरवून टाकायची, नाहीतर ती ठरेपर्यंत आणखी एक सज्जा खाली येईल. मालक पुढे येत नसेल तर भाडेकरूंनी, तेही आले नाहीत तर मंडळाने काम करायचं. जो काम करेल त्याचा वाटा मोठा. म्हाडाच्या कायद्यात ७० टक्के भाडेकरू एकत्र येऊन इमारत संपादित करण्याची मागणी करू शकतात, अशी वाट आधीपासून आहे. तिचा उपयोग पाडण्यासाठीच व्हावा असं कुठे लिहिलं आहे?

यावर एक आक्षेप नक्की येईल: टीडीआरचा बाजार आधीच भरलेला आहे. झोपडपट्टी योजनांतून, रस्त्यांच्या भूसंपादनातून निघालेले हक्क बाजारात आहेत, त्यात हे आणखी कशाला? भाव पडला तर दुरुस्तीचा खर्च निघणार नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरं उत्तर माझ्याकडे नाही. हक्क विकला जाईपर्यंत ठेकेदार थांबत नाही, म्हणून मधल्या काळासाठी फिरता निधी लागेल, आणि तो महापालिकेलाच उभा करावा लागेल. फोर्ट आणि ओव्हल मैदानाच्या परिसरातल्या ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. तो मान मिळवताना शहराने हा परिसर जपण्याची हमी दिली आहे. निधीसाठी याहून वेगळं निमित्त शोधायला नको.

पैसे मात्र टप्प्याटप्प्यानेच सोडायचे. सांगाडा स्थिर झाल्याचा दाखला मिळाला की पहिला हप्ता, छप्पर आणि पाण्याचा निचरा झाला की दुसरा, दर्शनी भाग शेवटी. मुंबईत क्रम नेमका उलटा असतो, आधी रंग आणि मग गळती. तिसरा हप्ता पाच पावसाळ्यांनंतरच्या तपासणीपर्यंत राखून ठेवायचा, आणि तपासणीला वारसा समितीच्या माणसासोबत बिडाच्या कामाचा जाणकार एक अभियंता हवाच.